पांढरीची पाटी

"आक्का, यंदा माझंबी नाव घ्या."

हौसा बेलदारीण हे मला वरून म्हणाली. ती माझ्या माळवदावर उभी होती, पदर कमरेला खोचून, गेल्या सालची उरलेली माती कोपऱ्यात पायानं तुडवत. मी खाली अंगणात मान वर करून तिला नीट दाब, नीट दाब म्हणत होते. माझ्याच घराच्या डोक्यावर उभं राहून मला कुणी काही मागावं, हे मला आधीच रुचलं नाही. मागणं काय ते कळायच्या आत मी नाही म्हणायचं ठरवून टाकलं होतं.

"कशात घेऊ नाव?"

"आखितीला. पांढरीच्या पाटीत."

आमच्या कसबे पिंपरणीत वस्तीला लागूनच पांढऱ्या मातीचं मोठं टेकाड आहे. त्याला पांढर म्हणतात. ती माती माळवदावर घालून तुडवली की पाणी खाली उतरत नाही. शेतातली काळी घातली तर उन्हात तडकते आणि मग पातेली मांडत बसा. पण पांढरीची माती कुणीही उठून न्यायची नाही. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी गावातली जुनी घरं तिथं जमायची, एकेका घराचं नाव पुकारलं जायचं, त्या घरच्या माणसानं हळदकुंकू वाहून एक पाटी उचलायची. मग वर्षभर लागेल तेवढी माती त्या घराची. ज्यांचं नाव पुकारलं जाई ती पांढरी; बाकीचे नुसते गावात राहणारे. या दोन्हींत केवढा फरक असतो ते मी लग्न होऊन आल्या दिवसापासून ऐकत होते. सासूबाई "आपण पांढरी" म्हणायच्या तेव्हा त्यांची हनुवटी बोटभर वर जायची. पुढं माझीही जायला लागली.

पुकारा आमच्या घरचा, मखऱ्यांचा. हे गेले, पोरगा सोलापुरात गिरणीला, म्हणून चार वर्षं मीच पुकारत होते. बासष्ट घरं, सगळी तोंडपाठ. दुसरी शिकलेली बाई, पण एक नाव कधी पुढंमागं झालं नाही.

"तुझं नाव कसं घेऊ?" मी म्हटलं. "तू बेलदाराची. आज इथं, उद्या तिथं."

"अकरा वर्सं झाली इथं येऊन."

"वेशीबाहेर."

"आता वेशीत आले की. पोतदाराचं पडीक घर घेतलं. भिंती उभ्या केल्या, वासे टाकले, तुराट्या अंथरल्या, लिंबाचा पाला घातला. माती तेवढी राहिली. सून आठव्यात हाय, आक्का. मिरगाच्या आत डोक्यावर काहीतरी पायजे."

"मग घाल की शेतातली."

तिनं तुडवणं थांबवलं. "गावातल्या सगळ्या माळवदांवर पांढरी माती घालायची मी, आन् माझ्यावर काळी?"

"पांढरी म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला? माती उपसली म्हणून कुणी पांढरी होत नाही. पांढरी म्हणजे आम्ही. मूळची माणसं. आमच्याकडं कागद आहे त्याचा."

"काय लिवलंय त्यात?"

"आमचा मान लिहिलाय."

"तुम्ही वाचलाय?"

"पूजलाय," मी म्हटलं. "दरवर्षी दसऱ्याला. आणि तो कोपरा अजून ओला दिसतोय. तोंड कमी चालव, पाय चालव."

ती पुन्हा तुडवायला लागली. पण त्या दिवशी जाताना "येते" म्हणाली नाही.

चार दिवसांनी रंभाजी महाजन आले. पेठेतलं दुसरं जुनं घर महाजनांचं. माणूस गोड बोलणारा, पण बोलताना नजर तुमच्या तिजोरीकडं.

"ऐकलं का आक्का? हौसी ग्रामसेवकाकडं गेली होती. तो म्हणतो, गावठाणाची माती सरकारची, कुणालाही नेता येते."

"सरकारनं कधी माळवद घातलंय का?"

"तेच म्हणतो मी. आज बेलदार, उद्या वडार, परवा आणखी कुणी. मग पांढरी आणि बाजार यांत फरक काय राहिला? तुमच्या घरात कागद आहे म्हणतात. आखितीला सगळ्यांसमोर वाचून दाखवा. एकदाच तोंडं बंद होतील."

मला तेच हवं होतं. "वाचते," मी म्हटलं. महाजनांनी ते दोन दिवसांत गावभर केलं. पाणवठ्यावर बाया विचारायला लागल्या, "आक्का, कागद वाचणार म्हणं?" मी म्हणायची, "या की ऐकायला."

कागद मोडीत होता. मोडी वाचणारा गावात एकच माणूस उरला होता, वामनतात्या पोतनीस. तालुक्याच्या दप्तरखान्यात जन्म घालवलेला, डोळ्याला जाड भिंगं, कोटाला एकच बटण. त्यांना मी दुपारी चहाला बोलावलं. देव्हाऱ्यातली पितळी नळी काढली, कागद उलगडला. पहिल्यांदाच कुणापुढं उलगडत होते. खाली बारीक बारीक चित्रं काढलेली होती.

"ही बघा आमच्या घरची हत्यारं," मी म्हटलं. "ही तलवार, हा खंजीर, ही ढाल. म्हणून तर दसऱ्याला पूजतो."

तात्यांनी भिंगं पुसली. कागदावर वाकले. ओठ हलायला लागले, मग थांबले. पुन्हा वर गेले, पुन्हा वाचलं. मग पाणी मागितलं.

"चहा आणते की."

"पाणीच द्या आधी."

पाणी पिऊन ते म्हणाले, "वर नमन आहे. शक दिलाय. मौजे, कसबे वगैरे आहे. पुढचं झिजलंय हो, ठकूबाई. लागत नाही."

मी दुसरी शिकलेली असेन, पण आंधळी नव्हते. शाई काजळासारखी काळीभोर होती. मी बोट ठेवलं. "हे झिजलंय? की हे?"

तात्यांनी भिंगं पुन्हा पुसली.

"तात्या, तुम्ही चाळीस वर्षं सरकारी कागद वाचले. असंच वाचलंत का?"

हे त्यांना लागलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाचायला घेतलं. सगळं मला आता आठवत नाही, पण काही शब्द अजून कानात आहेत. "बहिरोजी मखरा याणें समस्त पांढरीपासीं येऊन विदित केलें जे, दुकाळामुळें आपला गांव टाकून, बाईल व आंधळी माय घेऊन, तीन वर्षे वेशींत उपरी राहिलों आहें, आपणांस घर नाहीं, पांढरीनें कृपाळू होऊन ठाव द्यावा…"

"थांबा. उपरी म्हणजे?"

"बाहेरून आलेला. गावात हक्क नसलेला."

"कोण? आमचा मूळपुरुष, बहिरोजी?"

"तोच. पुढं लिहिलंय, पांढरीनं मिळून त्याला घरापुरती जागा दिली, माळवदाला साठ पाट्या माती दिली. 'आजपासून तुवां पांढरीसी मिळोन सुखरूप नांदावें.' आणि खाली निशाण्या."

"हत्यारं?"

"हत्यारं नाहीत, ठकूबाई. लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याचं चित्र काढत. ही तलवार नव्हे, नांगर आहे, पाटलाचा. ढाल म्हणता तो ताजवा, म्हणजे तराजू, शेट्यांचा." मग जरा थांबून, "आणि खंजीर म्हणजे न्हाव्याचा वस्तरा."

चार पिढ्या आम्ही न्हाव्याच्या वस्तऱ्याला झेंडूची फुलं वाहत होतो. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असती तर मी हसून हसून लोळले असते.

"मग पांढरी म्हणजे नेमकं काय, तात्या? मला सरळ सांगा."

"जुन्या कागदांत दोन शब्द सारखे येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली की मातीचा रंग फिरतो. चुलीची राख, शेणाचे लेप, पडलेल्या भिंती, फुटकी मडकी, सगळं तिथंच मिसळतं. ते टेकाड देवानं नाही केलं, घरांनी केलंय. आणि त्या मातीवर राहणाऱ्यांना मग तेच नाव पडलं. पांढरी म्हणजे गावात घर करून राहणारी सगळी. पाटील, तेली, मुलाणी, चांभार, सगळी. 'समस्त' हा शब्द कागदात उगीच नाही येत."

मी कागदाची सुरळी करायला लागले.

"हे बघा," तात्या हळूच म्हणाले, "मोडी दुसऱ्या कुणाला येत नाही. आखितीला मी म्हणेन, झिजलाय, वाचवत नाही. तुमचा मान तुमच्याजवळ राहील."

"आणि तुमचा?"

तात्या उठले. चहाही न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय मला पोतदाराच्या घराकडं घेऊन गेले. कशाला ते मलाही सांगता आलं नसतं. भिंती चांगल्या उभ्या केल्या होत्या, ओळंब्यात. वर वासे, तुराट्या, पाला. पाला वाळून सगळीकडून आभाळ दिसत होतं. एका भिंतीच्या सावलीत बाज, बाजेवर एक पोटुशी पोर. मी उंबऱ्याशी गेले तोवर सावली सरकली, तशी ती उठली, बाज हातभर ओढली आणि परत बसली.

"असं किती वेळा ओढतेस?"

"दिवसातनं सा-सात बार. बसा की मावशी. पाणी देऊ?"

ती मला ओळखत नव्हती. माहेराहून येऊन महिनाच झाला होता. पाणी मी घेतलं. "वर माती कधी पडणार?"

"आत्याबाई म्हणत्यात आखितीनंतर. पर गावात कोण म्हातारी हाय म्हणं, ती नाव घ्यायला तयार न्हाई. तोंडाची लई फटकळ हाय."

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. "म्हातारी?"

"अशीच म्हणत्यात. तुमच्या ओळखीची हाय का?"

"तिच्या शेजारी राहते."

"मग सांगा की तिला जरा," पोर म्हणाली. पोटावर हात ठेवून, अगदी साधेपणानं. "तुमचं ऐकंल."

"ती कुणाचं ऐकत नाही," मी म्हटलं आणि तांब्या खाली ठेवून निघाले.

आखितीच्या सकाळी टेकाडापाशी एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. कागदाची गोष्ट ऐकून वेशीबाहेरचेही आले होते. हौसा एका बाजूला उभी, हातात रिकामी पाटी. पाटी घेऊन आली होती, म्हणजे हटून बसणार होती. महाजन पुढं, धोतर कडक. वामनतात्या मागं, कुणाकडं न बघता.

मी रात्रंदिवस तोच विचार केला होता आणि काहीच ठरवलं नव्हतं. पण सगळ्यांचे डोळे माझ्या हातातल्या नळीवर आले आणि मला एकाएकी राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. बहिरोजीचा असेल. तीन वर्षं वेशीत पडून राहिलेला, आंधळ्या आईला घेऊन आलेला माणूस. आम्ही त्याला कौतुकानं सरदार करून टाकला आणि त्याचे हाल पुसून काढले.

"तात्या, या," मी म्हटलं. "माझ्या घरी वाचलंत तसं वाचा. एक अक्षर गाळायचं नाही."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग वाचलं. आवाज म्हातारा, पण खणखणीत. उपरी म्हणजे काय, निशाण्या कशाच्या, सगळं सांगितलं. वस्तऱ्यापाशी गणा न्हावी मोठ्यानं हसला आणि बायकोनं त्याला कोपर मारलं.

वाचून झालं. महाजनांना तोंड लपवावं की उघडावं कळेना. शेवटी म्हणाले, "म्हणजे… मखरे उपरे?"

"उपरे," मी म्हटलं. "आता महाजन, तुम्हीच सांगा. आमच्या घरानं आज पाटी उचलायची की नाही?"

"तसं नाही आक्का. आता त्याला पावणेदोनशे वर्षं झाली…"

"किती वर्षांनी माणूस पांढरी होतो? आकडा सांगा. कागदात तीन लिहिलेत. हौसाला अकरा झाली."

गर्दीत कुजबुज झाली. हौसानं मान झटक्यानं माझ्याकडं वळवली. तिला वाटलं असेल, ही बाई आता आणखी काय सापळा लावते आहे.

महाजन सावरले. "ते पांढरीनं मिळून दिलं होतं. तुम्ही एकट्या कोण देणार?"

"मी देतच नाही. मी विचारते." मग मी माणसांकडं वळले. चार वर्षं पुकारा केला होता, आवाज कुठवर पोचवायचा ते ठाऊक होतं. "जिच्या हातचं माळवद आपल्या डोक्यावर आहे, तिच्या डोक्यावर माती पडू नये असं ज्याला वाटतं, त्यानं पुढं येऊन सांगा. पण आधी आपल्या घराचं माळवद कुणी घातलं ते आठवा."

कुणी पुढं आलं नाही. येणार कोण? महाजनांच्या दोन्ही खोल्यांची माळवदं हौसानंच घातली होती. तेवढ्यात काशी तेलीण मागनं ओरडली, "माझं तर दोनदा घातलंय! द्या गं तिला. मिरग डोक्यावर आलाय, बोलत काय बसलाय!"

"बरं," महाजन म्हणाले. "पांढरीची मर्जी. पण मग दुसरंही रीतीनं होऊ दे. उपऱ्याच्या घरानं पांढरीचा पुकारा करायचा, हे काही बरोबर दिसत नाही. कागदात माती दिलीय. पुकारा दिलेला नाही. काय तात्या?"

तात्यांनी खाली पाहिलं. "पुकाऱ्याचा उल्लेख नाही."

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. माझ्या तोंडातून काय येईल याची गावाला सवय होती. आलंही होतं, अगदी जिभेच्या टोकावर. महाजनांच्या आजोबांची एक गोष्ट, जी त्यांना पुढची सात वर्षं ऐकावी लागली असती. मी ती गिळली.

"घ्या," मी म्हटलं आणि बाजूला झाले.

महाजनांनी आपल्या घरापासून सुरुवात केली. त्यांना नावं पाठ कुठली? अडखळत होते, मागं जात होते. एकतिसाव्याला गाडी साफ अडली. मला राहवेना. "चौगुले," मी म्हटलं. लोक हसले. महाजनांनी न ऐकल्यासारखं करून "चौगुले" म्हटलं.

बेलदाराचं नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवलं असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. "हौसा बेलदारीण," ते म्हणाले. हौसा पुढं झाली, कुंकू वाहिलं, फावड्यानं पाटी भरली. तिचा हात मातीत जाताना मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. हसू नव्हतं, रडू नव्हतं. कामाच्या वेळी असतं तसंच तोंड.

मग महाजनांनी दम घेतला आणि म्हणाले, "मखरे."

शेवटचं नाव. गर्दी तोवर पांगायला लागली होती. ज्याची त्याची पाटी ज्याच्या त्याच्या डोक्यावर. मी टेकाडापाशी गेले. दरवर्षी माझं नाव पहिलं असायचं. मी पाटीत ओंजळभर माती घ्यायची, कमरेवर पाटी धरून मिरवायची, बाकीची गडी आणायचा. या साली गडी बोलावलाच नव्हता. मी हळदकुंकू वाहिलं, वाकले आणि ओंजळ भरली.

"एवढीच?" मागनं हौसा म्हणाली. ती गेली नव्हती. आपली भरलेली पाटी खाली ठेवून उभी होती.

"मान म्हणून घ्यायची असते."

"मान घेताय का माती घेताय?"

मी काही बोलायच्या आत तिनं फावडं उचललं आणि माझी पाटी भरायला लागली. मातीत खापरीचा एक तुकडा आला, काळ्या काचेची अर्धी बांगडी आली. तिनं ती बघितलीही नाही, तशीच पाटीत टाकली.

"पुरे, पुरे. मला उचलायची आहे."

"उचलाल. म्हातारी म्हणती माझी सून तुम्हाला, पर तशा न्हाई तुम्ही."

म्हणजे हिला माझ्या त्या दुपारच्या फेरीचं ठाऊक होतं. मी तिच्याकडं रोखून पाहिलं. तिनं माझ्याच पदराची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली, एका बाजूनं पाटीला हात घातला. "धरा. हां. वर."

पाटी डोक्यावर आली आणि माझी मान खांद्यात शिरल्यासारखी झाली. पन्नाशीला टेकलेली बाई, उभ्या जन्मात भरली पाटी डोक्यावर घेतली नव्हती.

"मान सरळ ठिवा. वाकली की पाटी जाती."

"मला नको शिकवूस."

"न्हाई शिकवत," ती म्हणाली. आपली पाटी तिनं एकटीनं आधी गुडघ्यावर घेतली, मग एका हिसड्यात डोक्यावर, आणि उतारानं चालायला लागली.

मी तिच्या मागनं निघाले. या गावात कुणाच्या मागनं चालायची मला सवय नव्हती. पण उतार निसरडा होता, आणि डोक्यावर भरली पाटी असली की इकडंतिकडं बघता येत नाही. पुढच्या माणसाच्या टाचा बघायच्या आणि त्या जिथं पडतील तिथंच आपलं पाऊल टाकायचं.